नकाशातले नाव आणि माणसाच्या ओठावरचे नाव

नकाशा राज्यकर्ते काढतात. नावे मात्र शिवारात राबणाऱ्यांनी ठेवलेली असतात. या दोघांची गाठ पडते तेव्हा काय घडते, हे समजण्यासाठी आम्हाला आयर्लंडचे उदाहरण मोलाचे वाटते.

ब्रिटिश सरकारने 1824 मध्ये आयर्लंडची मोजणी सुरू केली. जमिनीवरचा स्थानिक कर सर्वत्र एकाच मापाने बसावा, हा हेतू. मैलाला सहा इंच या प्रमाणात साऱ्या बेटाचा नकाशा काढायचा होता आणि साठ हजारांहून अधिक शिवारांच्या हद्दी त्यात दाखवायच्या होत्या. मोजणारे होते इंग्रजी बोलणारे लष्करी लोक, नावे होती गेलिक. जमीनदाराच्या कागदात एक स्पेलिंग, करवसुलीच्या दप्तरात दुसरे.

प्रश्न केवळ स्पेलिंगचा नव्हता. गेलिकमध्ये चर्चला 'किल' म्हणतात आणि रानाला 'कॉइल'. इंग्रजी लिपीत हे दोन्ही शब्द अनेकदा एकसारखेच उतरतात. कॅव्हनमधले किलमोर म्हणजे मोठे चर्च. कॉनमारातले काइलमोर म्हणजे मोठे रान. अर्थ जाणायचा तर गावकऱ्याचा उच्चारच ऐकायला हवा.

हे काम जॉन ओ'डोनोव्हन यांनी केले. 1806 मध्ये किलकेनी परगण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा विद्वान 1830 मध्ये मोजणी खात्यात आला. जुनी हस्तलिखिते तपासायची, गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांना विचारायचे आणि डब्लिनला पत्रे धाडायची, हा त्यांचा क्रम. नावांच्या वह्यांत निरनिराळी स्पेलिंगे, मूळ गेलिक रूप आणि अर्थ यांची नोंद झाली. छापील नकाशावर मात्र इंग्रजी वळणाचे रूपच गेले. अर्थ वह्यांत राहिला.

पुढे 1845 मध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. सर्वांत जास्त झळ बसली ती गेलिक बोलणाऱ्या पश्चिमेकडच्या गरिबांना. ओ'डोनोव्हन दहा-पंधरा वर्षे उशिरा निघाले असते, तर कित्येक नावांचा अर्थ सांगणारे कोणी उरलेच नसते.

तरीही वह्यांत सारे आले नव्हते. 1972 मध्ये अॅरन बेटांवर राहायला गेलेले टिम रॉबिन्सन हे इंग्रज गृहस्थ पायी फिरले. सरकारी नकाशात न मावलेले खडक, खाचा, शेताचे तुकडे यांची नावे त्यांनी रहिवाशांकडून टिपून घेतली आणि 1975 मध्ये त्या बेटांचा नवा नकाशा काढला.

ज्या सत्तेने नावांचे रूप मोडले, तिच्याच दप्तरात त्यांचा अर्थ टिकला, ही गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. पण तो टिकला तो सत्तेच्या कृपेने नव्हे. एका शेतकऱ्याच्या मुलाने शेतकऱ्यांनाच विचारले आणि त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून ठेवले, म्हणून टिकला.