गाडी खाली, चाक हवेत

मुळशी म्हटलं की कुणाला सेनापती बापट आणि 1921 चा सत्याग्रह आठवतो, कुणाला धरण, आणि बहुतेकांना ताम्हिणीतले धबधबे आणि गरम भजी. मला हा तालुका आवडतो त्याचं कारण जरा वेगळं आहे. गाडीच्या सस्पेन्शनची जेवढ्या प्रकारे परीक्षा घेता येईल तेवढ्या सगळ्या प्रकारे ती इथे होते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते (आयटी पार्कात दहा-दहा वर्षं काढलेल्या लोकांनाही हे सांगावं लागतं). म्हणजे स्पीडब्रेकर आणि खड्डे झाले. पौडच्या पुढे गेलं की घाट, वळणं आणि मरणाचा पाऊस. आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्बी व्हॅलीची गुळगुळीत धावपट्टी, जिथे 2010 च्या दशकात 'द व्हॅली रन' ही ड्रॅग रेस सुरू झाली.

आता प्रश्न असा, की आपल्यासारख्या माणसाकडे गाडी एकच असते. तिचे हप्ते चालू असतात. सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीला जाते, शनिवारी आईबाबांना दवाखान्यात नेते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी तिला ऑटोक्रॉसच्या धुळीत नाहीतर टीएसडी रॅलीत पळायचं असतं. (टीएसडी म्हणजे ठरवून दिलेला सरासरी वेग सांभाळत प्रत्येक नाक्यावर नेमक्या सेकंदाला पोचायचं. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड.) अशा गाडीच्या सस्पेन्शनवर पैसे घालायचे ठरवले की दुकानदार सगळ्यात आधी काय दाखवतो? लोअरिंग स्प्रिंगा. गाडी इंच-दीड इंच खाली बसते, चाक आणि मडगार्डमधली फट भरते, फोटो झकास येतो.

मला वाटतं हा सल्ला दुसऱ्याच कुठल्यातरी रस्त्यांवरून आलाय. आणि असं का वाटतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मोटार जन्मली ती घोडागाडीचे पाटे पायाखाली घेऊनच. पाटा स्वस्त, दणकट, आणि एक गंमत म्हणजे पाट्यांचं एकमेकांवर होणारं घर्षण थोडंफार शॉकचंही काम करतं. 1922 ची लान्चिया लॅम्डा आली तेव्हा पुढची दोन्ही चाकं एकमेकांची पर्वा न करता वरखाली होऊ लागली. पण या विषयाचं शास्त्र खऱ्या अर्थाने कुणी केलं असेल तर ते मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनियरने. रोल्स-रॉइसमधून तो 1930 मध्ये जनरल मोटर्सला गेला आणि त्याने एक विचित्र गाडी बनवली. तिच्यावरची वजनं मागेपुढे सरकवता येत आणि स्प्रिंगा बदलता येत. लोकांना बसवून तो विचारी, आता कसं वाटतंय? त्यातून निघालेला निष्कर्ष आजही चालतो. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ पाहिजे.

का? खड्ड्यावर आधी पुढचं चाक जातं, मग मागचं. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी ताशी 60 किमीने चालली असेल तर या दोघांत साधारण 0.15 सेकंदाचं अंतर पडतं. मागची बाजू उशिरा डोलायला लागते, म्हणून ती थोडी जलद डोलली पाहिजे, म्हणजे पुढचीला गाठेल आणि गाडी सपाट बसेल. नाहीतर ती होडीसारखी पुढेमागे झुलत राहते. 'सध्या पुढच्याच बदलू, मागच्या दिवाळीच्या बोनसवर' असं म्हणणाऱ्यांनी मॉरिस ऑलीला स्मरून पाकीट परत खिशात ठेवावं :)

मग आले अर्ल मॅकफर्सन. तेही जनरल मोटर्सचेच. त्यांचा छोट्या शेवरलेचा प्रकल्प कंपनीने गुंडाळला (प्रोजेक्ट कॅन्सल होण्याचं दुःख आपल्याला नवीन नाही), 1947 मध्ये ते फोर्डमध्ये गेले आणि 1950 च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरखाली तो प्रसिद्ध स्ट्रट दिसला. स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, खाली एक आर्म, संपलं. स्वस्त आणि सुटसुटीत. आज पुण्यातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढे हेच आहे.

इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात 1954 पासून फियाट 1100 जोडायला घेतली. तीच ती, मराठी माणसाने लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटलेली. तिच्या पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. तिच्याच वंशात पुढे पद्मिनी झाली. अ‍ॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, मागे पुन्हा पाटेच. 1961 मध्ये मुंबईत मुलुंडला गॅब्रियल इंडियाचा शॉकचा कारखाना निघाला. ही कंपनी पुढे चाकणलाही आली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात शॉक बनतात, ते बसवलेल्या गाड्या बनतात आणि ते शॉक फोडणारे रस्तेही इथेच. पुरवठा साखळी पूर्ण.

ज्या काळात बाहेरून काही मिळतच नव्हतं, त्या काळात जुहूच्या धावपट्टीवर शर्यती लागायच्या. ज्याला जे हाताशी होतं त्यातच गाडी सुधारायची होती. कॅटलॉग नव्हता, म्हणून कॅटलॉगची चूकही नव्हती.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती 1968 ची लंडन-सिडनी मॅरेथॉन. 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली करत मुंबईपर्यंत 72 पोचल्या आणि तिथून 'चुसान' या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना पहिली होती. पुढे ऑस्ट्रेलियात तिला दुखण्यांनी गाठलं. मग ल्युसियँ बियांकीची सिट्रोएन डीएस आघाडीवर आली. हायड्रोन्युमॅटिक सस्पेन्शन, म्हणजे त्या काळची जादूची चटईच. शेवट हाकेच्या अंतरावर असताना तिला समोरून आलेल्या गाडीची धडक बसली. जिंकला अँड्र्यू कोवान, हिलमन हंटरमध्ये. पुढे मॅकफर्सन, मागे पाटे. इंग्लंडमध्ये शाळामास्तर चालवतील अशी गाडी. दुसऱ्या आलेल्या पॅडी हॉपकर्कच्या ऑस्टिन 1800 खाली पाणीदार द्रव आणि रबराचं हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन होतं.

नशिबाचा भाग होताच, नाकारत नाही. पण दहा हजार मैलांच्या शर्यतीत वरच्या तिन्ही दावेदारांच्या सस्पेन्शनचं तंत्र तीन तऱ्हेचं, आणि तिन्हींत एक गोष्ट समान. कुणीही गाडी जमिनीला चिकटवली नव्हती. चाकाला वरखाली जायला जागा होती.

आपल्याकडेही हेच. मुंबईच्या नाझिर हुसेन यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली. 1985 मध्ये मारुती जिप्सी आली, चारी चाकांना पाटे, आणि ती पुढची तीन दशकं रॅलीवाल्यांची लाडकी राहिली. 1999 मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालयात तर तिचंच राज्य. एस्टीम, बलेनो, होंडा सिटी, सीडिया, पोलो अशा रस्त्यावरच्या गाड्या राष्ट्रीय रॅलीत पळाल्या, नाशिकच्या 'रॅली ऑफ महाराष्ट्र'मध्येही. त्यातली एकही शोरूमपेक्षा खाली बसवून मातीत उतरवत नाहीत. उलट जागा शक्यतो वाढवतात आणि खरा पैसा शॉकमध्ये घालतात.

आता थोडा हिशोब. घाबरू नका, बारावीचाच आहे.

एका चाकावर 250 किलो वजन आणि चाकाशी स्प्रिंगची ताकद 20 न्यूटन प्रति मिलिमीटर धरा. गाडी सेकंदाला सुमारे 1.4 वेळा डोलते. रोजच्या गाडीला हे ठीक आहे. आता समजा चाक वर दाबलं जायला 80 मिमी जागा होती आणि तुम्ही गाडी 40 मिमी खाली आणली. जागा निम्मी झाली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच खड्डा निम्म्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक पाहिजे. तशी केली तर गाडी सेकंदाला 2.8 वेळा डोलेल, आणि दवाखान्यात नेताना आई तुम्हाला काय म्हणेल ते मी लिहीत नाही. अर्थात बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा चौपट कडक नसतातच, थोड्याच कडक असतात. मग उरलेला खड्डा कोण पचवतं? शेवटचा रबराचा ठोकळा, बंप स्टॉप. तो लागला की त्या क्षणापुरती स्प्रिंग नाहीच. चाक उसळतं, जमीन सोडतं. हवेतल्या चाकाला ग्रिप शून्य, मग टायर कितीही महागाचा असो.

त्यात मॅकफर्सनची आणखी एक खोड. गाडी खाली आणली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाकडे वर चढू लागतो, आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं. म्हणजे स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली बसवलेली गाडी वळणावर उलट जास्त कलू शकते!

स्पीडब्रेकरचंच बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार उंचवटा 3.7 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, 17 मीटर त्रिज्येचा, ताशी 25 किमीने पार करायला. तसा एखादा हिंजवडीत सापडला तर फोटो काढून ठेवा. आपल्याकडचे तेवढ्याच उंचीचे, पण लांबीला हातभर.

अजून एक गोम आहे आणि ती पोलोवाल्यांनी नीट ऐकावी, कारण पुण्यातल्या हौशी लोकांची ही आवडती गाडी. 2022 मध्ये बंद होईपर्यंत ती चाकणलाच बनत होती. भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. स्प्रिंगच्या खोक्यावर '30 मिमी' लिहिलेलं असतं ते युरोपातल्या उंचीपासून मोजलेलं. आपल्याकडे बसवली की गाडी त्याहून जास्त खाली येते.

मग करायचं काय? माझं मत: स्प्रिंगेला हात लावू नका, शॉक बदला. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. तिची उष्णता करून टाकतो तो शॉक. चाक जमिनीवर टेकवून ठेवण्याचं काम त्याचंच. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे शॉक गळत नसले तरी पुष्कळदा थकलेले असतात. रॅलीच्या खडबडीत रस्त्यावर तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि शॉक पोकळ पडतो. यावर 1950 च्या दशकात फ्रान्सच्या द कार्बोनने उपाय काढला. एकच नळी, आणि तेलापासून वेगळा ठेवलेला दाबाखालचा वायू. बिल्स्टाइनचे शॉक त्याच घराण्यातले. त्यांचा बी6 मूळ उंचीसाठी असतो, बी8 खाली बसवलेल्या गाडीसाठी. एका आकड्याचा फरक, पण ऑर्डर देताना डोळे उघडे ठेवा. कोनीच्या काही शॉकना रिबाउंड कमीजास्त करता येतो, ते रविवार-सोमवारच्या गाडीला सोयीचं. कॉइलओव्हरच्या मोहात मी तरी पडणार नाही. उंची बदलायची सोय म्हणजे रोज छळणारा एक नवा प्रश्न, आणि पावसाळ्यात मुळशीच्या चिखलाने त्याचे आटे धरले की तीही सोय गेली.

त्याच्याही आधी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटच्या वरचं माउंट आणि टायर. याला कुणी 'वा!' म्हणत नाही, फोटोतही दिसत नाही. पण फाटलेल्या बुशवर महागडा शॉक बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली सोफा आणणं. हे झाल्यावर एखादा सीझन तेवढ्यावर पळवा. तरीही कलणं खटकत असेल तर जाड अँटी-रोल बार बघा. पण तोही मातीत एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे नेतो, हे धरून.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. 'काही होत नाही साहेब' हे दुकानदाराचं वाक्य अपघातानंतर विमा कंपनीला ऐकवता येत नाही. आधीच लेखी विचारा. आणि ताम्हिणी हा सार्वजनिक रस्ता आहे. त्याच कायद्याच्या 189 कलमाखाली तिथे परवानगीशिवाय शर्यत लावणं गुन्हा आहे. शिवाय समोरून भजी खायला निघालेली आख्खी कुटुंबं येत असतात. नवे शॉक तिथे कायद्याच्या वेगातही कळतात. वळणाच्या मध्येच खड्डा आला आणि स्टिअरिंग हातातून निसटल्यासारखं झालं नाही, की समजायचं बसले नीट.

बसवल्यावर व्हीलअलाइनमेंट करून घ्या, त्याच दिवशी. आणि पहिल्या ऑटोक्रॉसनंतर गाडी जॅकवर घेऊन बंप स्टॉप बघा. शॉकच्या दांड्याला आधी एक झिप टाय बांधून ठेवलात तर चाक नेमकं कुठवर गेलं होतं ते तो सरकून सांगतो. पाच रुपयांत डेटा लॉगिंग.