सोयाच्या गोळीमागचा इतिहास



साठी ओलांडलेले पुरुष रात्री तीन-चारदा लघवीला उठू लागले, की ते आधी आपल्याच लक्षात येतं. ते डॉक्टरकडे जायला लाजतात. मग कोणीतरी सुचवतं, "प्रोस्टेट वाढली असेल, सोयाच्या गोळ्या द्या." हा सल्ला आला कुठून?

सुरुवात मेंढ्यांपासून झाली. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाचा चारा खाणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. त्या चाऱ्यात स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं होती. सोयाबीनमध्येही ही द्रव्यं भरपूर असतात.

१९९३ साली फिनलंडच्या हर्मन आडलरक्रॉइट्झ यांनी सहकाऱ्यांसह जपानी आणि फिनिश पुरुषांचं रक्त तपासलं. जपानी पुरुषांच्या रक्तात ही द्रव्यं कितीतरी पटींनी जास्त निघाली. जपानात प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू कमी होत, म्हणून सोया रक्षण करत असावं, असा तर्क निघाला. लक्षात घ्या, तो तर्क कर्करोगाबद्दल होता, आणि रोजच्या जेवणातल्या सोयाबद्दल. बाजाराने त्याची गोळी केली आणि ती वयानुसार वाढणाऱ्या प्रोस्टेटलाही लावली.

२०१२ साली हाँगकाँगमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वाढलेल्या प्रोस्टेटच्या काही रुग्णांना वर्षभर आयसोफ्लेवोन दिलं, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. बरं दोन्ही गटांना वाटलं, फरक थोडाच पडला. म्हणून "आमच्या यांना गुण आला" एवढ्यावर विसंबू नये.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. आत सोया असलं तरी कॅप्सूलचं वेष्टण अनेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. हिरवी खूण पाहिल्याशिवाय घेऊ नका.

सोयाबीनची उसळ किंवा वडीची भाजी खुशाल करा, ते अन्न आहे. पण लघवी तुंबली किंवा तिच्यात रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडं बिघडतात. एरवीही आधी तपासणी, मगच गोळीचा विचार. आणि यजमान लाजत असतील, तर डॉक्टरची वेळ आपणच घ्यावी.