कळा आणायच्या, पण आवरायच्या कशा?

दिवस उलटून गेले तरी कळा येईनात, की बाईला आधी एरंडेल पाजायचं, मग साबणपाण्याचा एनिमा द्यायचा. मी लेबर रूममध्ये लागले तेव्हा जुन्या सिस्टर हे नेमाने करत. पोट साफ होई, बाई अर्धमेली होई. कळा आल्या तर येत. निवृत्तीनंतर या उपायांचा इतिहास वाचताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले: कळा आवरेनाशा झाल्या, तर हे थांबवता येतं का?

अर्गट, म्हणजे राय या धान्यावरची बुरशी, याबाबत उत्तर एकच: साफ ‘नाही’. सुईणी ती जुन्या काळापासून देत. 1808 साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरांनी रेंगाळलेल्या बाळंतपणासाठी तिची शिफारस केली. डॉक्टरचा वेळ वाचतो, हाही फायदा त्यांनी मांडला होता! पण एकदा पोटात गेलेली पूड परत कशी काढणार? गर्भपिशवी आवळली की सैल पडेना आणि बाळ आतल्या आत गुदमरे. पुढे ती बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यापुरती उरली, ते बरंच झालं.

1906 मध्ये हेन्री डेल यांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावताना दिसलं. तीन वर्षांत ब्लेअर-बेल यांनी तो बायकांना टोचला. सुईतून एकदम दिलेल्या औषधाचीही तीच अडचण. 1948 मध्ये ब्रॅडफर्डचे थिओबाल्ड यांनी तो अर्क खूप पातळ करून थेंबाथेंबाने शिरेतून दिला आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला. 1953 मध्ये द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं, त्यांना नोबेलही मिळालं. पण सिस्टरला उपयोगी पडलं ते सलाईनच्या नळीवरचं चाक. एक हात पोटावर, नजर घड्याळावर. दहा मिनिटांत तीन-चार कळा ठीक. सहावी आली की चाक बंद, बाईला कुशीवर वळवायचं, बाळाचे ठोके ऐकायचे. घाईतला शिकाऊ डॉक्टर थेंब वाढवून गेला, तर त्याची पाठ वळताच आम्ही ते कमी करत असू.

पण पिशवीचं तोंड कच्चं असेल तर ड्रिपचं फारसं चालत नाही. तिथे फोलीज. लघवीचीच ती नळी. तोंडातून आत सरकवायची, फुगा पाण्याने भरायचा. 1967 मध्ये एम्ब्रे आणि मॉलिसन यांनी ही युक्ती मांडली. नको वाटली तर पाणी काढून घ्या, नळी बाहेर. मला तीच आवडे.

मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठराच्या अल्सरचं औषध. पुढे तेही कळा आणायला वापरलं जाऊ लागलं. गोळी मिळायची 200 मायक्रोग्रॅमची आणि हवे असायचे 25, म्हणून कागदावर ठेवून ब्लेडने आठ तुकडे करायचे. एक तुकडा जाड, एक नुसता भुगा. कुणाला किती गेलं, देव जाणे.

म्हणूनच नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांतला, 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास मी दोनदा वाचला. बीपी वाढलेल्या 602 गरोदर बायका. काहींना फोलीज, काहींना दर दोन तासांनी 25 मायक्रोग्रॅमची तोंडाने घ्यायची गोळी. चोवीस तासांत नैसर्गिक बाळंतपण गोळीने 57 टक्के, फोलीजने 47. माझी आवडती नळी मागे पडली. गोळी पोटातून परत काढता येत नाही, हे खरंच. पण डोस एवढासा असला की कळा धरल्यावर पुढचा द्यायचाच नाही, इतका लगाम हाती राहतो. मात्र दर दोन तासांनी पोटावर हात ठेवून बघायला रात्रपाळीत कुणीतरी सिस्टर हवी.