हात दुसऱ्याचा, दायित्व आपले

विधिशास्त्रात एक जुने लॅटिन वचन आहे. जो दुसऱ्याकरवी कर्म करवितो तो ते स्वतःच करतो, असा त्याचा आशय. देवस्थानच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा न्याय नवा नाही. सही मुखत्याराची असते, पण बांधले जाते ते देवस्थान. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील उपचारांत आता यंत्राचा हात शिरला आहे, हे वाचताना आम्हांस याच वचनाची आठवण झाली. परंतु हा हात तेथवर कसा पोचला, हे पाहिल्याविना त्याविषयी निवाडा देणे उचित नव्हे.

या इतिहासाचा आरंभ लिस्बन शहरात होतो. गोमंतकाचा कारभार ज्या नगरीतून हाकला जाई, तेथेच १९२७ च्या जूनमध्ये एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरणचित्र प्रथम मिळविले. मानेतील धमनीत क्ष-किरणांस अडविणारे द्रव्य सोडावयाचे आणि तत्क्षणी चित्र घ्यावयाचे, अशी ती रीत. आधीच्या प्रयत्नांत एक रोगी दगावलाही होता. यातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. मोनिझ यांची बोटे वातरक्ताच्या विकाराने वाकडी झाली होती. त्यामुळे कल्पना त्यांची असली, तरी हात होता तो त्यांचे तरुण सहकारी आल्मेदा लिमा यांचा. म्हणजे या विद्येत बुद्धी एकाची आणि हात दुसऱ्याचा, हा प्रकार पहिल्या दिवसापासूनचाच आहे. मोनिझ यांस १९४९ चे नोबेल पारितोषिक लाभले ते मात्र मेंदूवरील एका निराळ्याच शस्त्रक्रियेबद्दल, आणि ती पुढे त्याज्य ठरली. नव्या गोष्टीचा गौरव करताना किती सावध असावे, याचा हाही एक धडा होय.

१९५३ साली स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. सुईने धमनीत शिरावे, सुईतून तार सारावी, सुई काढून घ्यावी आणि त्या तारेवरून नळी आत न्यावी. धमनी उघडी करण्याचे कारण उरले नाही आणि जांघेतून मेंदूपर्यंतची वाट मोकळी झाली. मॉस्कोचे सेर्बिनेन्को यांनी सुटा होणारा चिमुकला फुगा मेंदूच्या धमन्यांत नेला. मे-दिनाच्या उत्सवातील फुगे पाहून त्यांस ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यांचा अनुभव १९७४ साली अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे इटालियन वैद्य गुल्येल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी सिद्ध केली. धमनीच्या फुगवट्यात ती बसवावयाची आणि सौम्य विद्युत्प्रवाहाने मूळ तारेपासून विलग करावयाची. १९९० मध्ये ती प्रथम रोग्यावर वापरली गेली.

ही वाट खरोखर हिताची ठरली काय? २००२ साली २१४३ रोग्यांच्या तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फुगवटा फुटल्यावर ज्यांची कवटी उघडून चिमटा लावण्याचे ठरले, त्यांपैकी वर्षाअखेर शेकडा ३०.६ मृत वा परावलंबी झाले होते. ज्यांच्यासाठी गुंडाळीचा मार्ग निवडला होता, त्यांत हेच प्रमाण शेकडा २३.७ होते. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. मोठी धमनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात झाला असता, ती गुठळी नळीवाटे वेळीच काढल्यास अनेकांचे अपंगत्व टळते. मात्र येथे वेळ फार मोलाचा. अशा झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब मांडला गेला आहे.

नेमका येथेच आमच्या लोकांचा प्रश्न उभा राहतो. सत्तरीतील वा खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात रात्री कोणाचे तोंड वाकडे झाले, तर घरची माणसे प्रथम गाडी शोधतात, मग रुग्णालय, आणि तज्ज्ञाची गाठ पडेतो पहाट होते. तज्ज्ञ मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत. शिवाय ते स्वतः जड शिशाचा अंगरखा घालून वर्षानुवर्षे क्ष-किरणांच्या सान्निध्यात उभे राहतात. रोग्यापासूनचे अंतर आणि वैद्याच्या देहाला होणारी पीडा, या दोन्हींवर तोडगा म्हणून यंत्रहस्ताकडे पाहिले गेले.

त्याची रचना अशी. रोग्याच्या खाटेशी एक यांत्रिक बाहू असतो. तार आणि नळी त्यात बसवितात. वैद्य आडोशामागे बसून दांड्या फिरवितो, आणि बाहू ती तार मिलिमीटरच्या मापाने पुढेमागे सारतो वा वळवितो. २०१२ मध्ये असे एक यंत्र अमेरिकेत हृदयाच्या धमन्यांसाठी मान्य झाले. २०१८ च्या डिसेंबरात डॉ. तेजस पटेल गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या परिसरात बसले, आणि सुमारे ३२ किलोमीटरांवर अहमदाबादेत निजलेल्या पाच रोग्यांच्या हृदयधमन्यांवर त्यांनी यंत्राकरवी उपचार केले. २०१९ च्या नोव्हेंबरात टोराँटो येथे डॉ. व्हितोर मेंडेस परेरा यांनी मेंदूच्या धमनीवरील फुगवटा यंत्रहस्ताच्या साहाय्याने बुजविला.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. धमनीत शिरकाव करण्याचे काम खाटेशी असलेल्या माणसालाच करावे लागते. बोटांना जाणवणारा तारेचा प्रतिकार त्या यंत्रातून वैद्याला कळत नाही. संदेशवहन तुटले तर जवळ जाणता हात हवाच. मेंदूच्या बाबतीत दूर अंतरावरून उपचार ही अद्याप नित्याची गोष्ट झालेली नाही.

आता मूळ वचनाकडे वळू. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा पार पाडावा, या तिन्ही बाबतींत वाजवी दक्षता. यंत्र शिरले आहे ते केवळ तिसऱ्या कर्तव्याच्या एका अंशात. पहिली दोन जशीच्या तशी माणसाच्या शिरावर आहेत, आणि तिसऱ्यातही दांडी ज्याच्या हाती, दायित्व त्याचे. लिमा यांच्या हाताने मोनिझ दायित्वातून सुटले नव्हते. यंत्राच्या हाताने आजचा वैद्यही सुटत नाही.

म्हणून उद्या संमतिपत्रावर सही करण्याची वेळ कोणावर आली, तर त्याने तीन प्रश्न निःसंकोच विचारावे. यंत्र कोण चालविणार? खाटेशी कोण उभा राहणार? आणि यंत्र अडले तर पुढचे काम हाताने कोण करणार? या तिन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून माणसांची नावे मिळाली, तर यंत्राचे भय बाळगू नये. ती मिळत नसतील, तर यंत्र कितीही उत्तम असले तरी सहीची घाई करू नये.