उपसा : नगर जिल्ह्यातील मैल्याचा आणि पंपाचा इतिहास

नगरचा इतिहास सांगताना पाण्याचा विषय निघतोच. मलिक अहमदने १४९० मध्ये शहर वसवले आणि पुढे निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणले गेले. उतार किती ठेवावा, गाळ कुठे बसू द्यावा, याचा बारीक विचार त्या कारागिरांनी केला होता. याच शहरातून मैला बाहेर जाई तो मात्र माणसाच्या डोक्यावरून. पाणी आणण्याला विद्या लागते आणि मैला नेण्याला फक्त माणूस लागतो, ही समजूत निजामशाही गेली, पेशवाई गेली, इंग्रज आले, १८५४ मध्ये नगरपालिका झाली, तरी बदलली नाही.

म्हणून मैल्याची टाकी उपसायला कोणता पंप घ्यावा, हा प्रश्न मला निव्वळ मिस्त्रीचा वाटत नाही. तो आपल्या सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे.

टोपली आणि बोळ

जुन्या वाड्यांची रचना पाहिली की ही व्यवस्था समजते. पुढचा दरवाजा रस्त्यावर, संडास मागे आणि त्यामागे अरुंद बोळ. संडासाखालच्या टोपलीसाठी बोळाच्या बाजूने छोटेसे दार असे. मैला नेणारी व्यक्ती घरात कोणाला दिसू नये, याची सोय बांधकामातच केलेली होती. हे काम ठराविक जातींच्या वाट्याला आले आणि त्यात मोठा वाटा बायकांचा होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ चा. पुढे केंद्र पातळीवर मलकानी समितीचा अहवाल १९६० मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहणे थांबावे, हातगाड्या द्याव्यात, हातमोजे आणि बूट द्यावेत, असा या काळातल्या सुधारणेचा सूर होता. डोक्यावरचे ओझे चाकावर यावे ही मागणी रास्तच होती. पण मैला भरणारे हात त्याच माणसांचे राहिले.

विहिरीला पंप, संडासाला माणूस

तेव्हा यंत्र नव्हते का? नक्कीच होते. १८७० च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये लिएर्नूर नावाच्या डच अभियंत्याची पद्धत चालू झाली होती. वाफेच्या इंजिनाने नळातली हवा काढायची आणि घराघरांतला मैला त्या ओढीने एका जागी आणायचा. आपल्याकडेही किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला आणि १९२० च्या दशकात तिथे पंप तयार होऊ लागले.

पंपाची पारख नगरच्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. हा अवर्षणाचा जिल्हा. विहीर खोल गेली की पंप काठावर ठेवून चालत नाही, आत कठडा करून खाली न्यावा लागतो, हे इथल्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक असते. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. पंप पाणी ओढत नाही, तो हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे सव्वादहा मीटर पाणी उचलू शकतो. नगर साडेसहाशे मीटर उंचावर आहे, म्हणून इथे हिशेब साडेनऊ मीटरच्या आसपास येतो. घर्षण आणि गळती वजा जाता हाती वीस-बावीस फूटच लागतात. मोटार हवा धरू लागली की ‘फुटबॉल’ तपासायचा, म्हणजे पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह, हे शेतावरचे पोरही सांगेल.

एवढे ज्ञान विहिरीच्या काठापर्यंत आले आणि संडासाच्या टाकीपाशी थांबले. पाणी उपसायला माणसे लावणे परवडत नव्हते, म्हणून पंप आला. मैला उपसायला माणूस स्वस्तात मिळत होता, म्हणून पंप आला नाही. मला दुसरे कारण दिसत नाही.

पारनेरचा झाडू

याच जिल्ह्यातल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यंत्रशास्त्र शिकायला एडिंबराला गेले होते. तेच पुढचे सेनापती बापट. परतल्यावर, मुळशीच्या सत्याग्रहाच्या आधीच्या काळात, त्यांनी पारनेरमध्ये पहाटे उठून रस्ते झाडले, संडास साफ केले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम रत्नागिरीच्या तुरुंगात मागून घेतले. ते नाकारले गेले तेव्हा १९३२ च्या डिसेंबरात गांधीजींनीही त्यासाठी उपवास केला. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत होईल अशा संडासाची रचना केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप इथेच होता. सफाईला पवित्र सेवा म्हटल्याने ती करणाऱ्याची सुटका होत नाही, असे त्यांचे म्हणणे. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत महापालिका कामगारांची संघटना उभारली. बापटांच्या झाडूमागची तळमळ खरी होती. पण एका सवर्णाने स्वेच्छेने झाडू घेतल्याने दुसऱ्याच्या हातातला सक्तीचा झाडू गळून पडत नाही. त्यासाठी गोपुरीसारखी वेगळी रचना हवी, किंवा यंत्र.

पालखीच्या वाटेवर

हे यंत्र अलीकडे ठळकपणे दिसते ते वारीत. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत अशी जिल्हा ओलांडून पंढरपूरला जाते. वारीच्या मार्गांवर आता फिरती शौचालये लावली जातात. एका मुक्कामाला टाक्या भरतात, त्या रातोरात रिकाम्या व्हाव्या लागतात. पंप निवडण्याची खरी परीक्षा इथे होते.

पर्याय साधारण तीन. पहिला मडपंप. तो स्वस्त आणि ओळखीचा. पण तो मैल्यात उतरवावा लागतो आणि चिंधी अडकली की हातानेच काढावी लागते. दुसरा, पात्यांनी मैला बारीक करून पातळ नळीतून ढकलणारा पंप. परदेशी फिरत्या घरांच्या छोट्या टाक्यांना तो उत्तम. पण वारीच्या टाकीत खडे, गुटख्याच्या पुड्या, कापड सगळेच येते आणि पाती अडकतात. तिसरा व्हॅक्यूम पंप. तो टँकरमधली हवा काढतो आणि मैला जाड होजमधून थेट टँकरमध्ये येतो, पंपातून जातच नाही. म्हणून अडकण्याचा धोका कमी आणि हात घालण्याची वेळही कमी. तो ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालतो. हवेबरोबर मैल्याचे थेंब पंपात जाऊ नयेत म्हणून मधे सापळा लागतो आणि पंपातल्या पट्ट्यांना वेळेवर तेल लागते. किंमत जास्त, पण मी त्याच्याच बाजूने कौल देईन.

शेवटचा फूट

तरीही यंत्र आले म्हणजे प्रश्न संपला असे नाही. शौचालयाची फिरती टाकी उथळ आणि ताजी असते. घराच्या सेप्टिक टँकमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी घट्ट बसतो. वरचे पातळ पाणी कोणताही पंप ओढतो, तळाचा शेवटचा फूट ओढत नाही. मग गाळ सैल करायला कोणीतरी आत उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला गेलेलाही.

१९९३ आणि २०१३ चे कायदे यासाठीच झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून उतरत आहेत.

उपाय अवघड नाही. गाळ दगड होण्याआधी टाकी उपसायची. साताऱ्यातल्या वाई नगरपालिकेने दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी उपसण्याचे वेळापत्रक लावले आणि तो मैला ओढ्यात न सोडता प्रक्रिया केंद्रात नेला. नाशिकच्या सिन्नरनेही तोच मार्ग धरला. सिन्नर तर संगमनेरच्या शेजारीच.

म्हणून एखादी ग्रामपंचायत किंवा संस्था पंप घ्यायला निघाली, तर अश्वशक्ती आणि किंमत विचारण्याआधी तिने एक गोष्ट विचारावी : तळाचा शेवटचा फूट कोण काढणार? त्याचे उत्तर पाण्याचा जेट आणि पुरेशी ओढ असे आले, तर तो पंप घ्यावा. ‘त्याला माणूस आहे आपल्याकडे’ असे आले, तर चारशे-पाचशे वर्षांची जुनीच व्यवस्था नवा रंग देऊन आपल्याला विकली जात आहे, हे ओळखावे.