ऑगस्ट 2012 मधलं घड्याळ

कतीफहून दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासात धहरान येतं, आरामकोचं मुख्यालय. 15 ऑगस्ट 2012 रोजी, रमझानच्या सुट्टीत, 'शमून' नावाच्या व्हायरसने आरामकोच्या सुमारे 30,000 संगणकांच्या डिस्क पुसल्या. फायलींच्या जागी उरला जळत्या अमेरिकन झेंड्याच्या चित्राचा तुकडा. तेल मात्र निघत राहिलं. विहिरींचं जाळं वेगळं होतं.

मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. डिस्कवर थेट लिहायला हल्लेखोरांनी एका कंपनीचा विकत मिळणारा ड्रायव्हर वापरला, तोही तात्पुरत्या परवान्यावर! ड्रायव्हरवरची डिजिटल सही अस्सल, म्हणून विंडोजने निमूट आत घेतला. सही बनवणाऱ्याची होती, वापरणाऱ्याची नव्हे, हे विंडोजला कसं कळावं?

नोव्हेंबर 2016 मध्ये शमून पुन्हा सौदी संस्थांवर उलटला. परवाना केव्हाच संपलेला. मग पठ्ठ्या आधी संगणकाचं घड्याळ ऑगस्ट 2012 वर न्यायचा, नंतर पुसायला घ्यायचा. कॉलेजात ट्रायल सॉफ्टवेअर संपलं की आपण हेच करायचो, आठवतंय का मंडळी?

असो. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर अजून 2009 साल चालू आहे.