धागा कोणाचा? जानवे, गंडा आणि मार्चचा लाल-पांढरा दोरा

धागा दिसला की आम्ही आधी विचारतो, बांधणारा कोण आणि बांधून घेणारा कोण? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे जानवे कापसाचे, क्षत्रियाचे तागाचे आणि वैश्याचे लोकरीचे असावे असे सांगितले आहे. शूद्राला धागाच नाही. दोऱ्यासारखी साधी वस्तू, पण तिच्यातूनही उतरंड विणली गेली. म्हणून परक्या देशातला एक धागा आम्हाला बारकाईने पाहावासा वाटला.

१ मार्चला बल्गेरियात लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळून मनगटावर बांधतात किंवा छातीवर लावतात. तिथे त्याला मार्तेनित्सा म्हणतात, रोमानिया आणि मोल्दोव्हात मर्त्सिशोर, ग्रीसमध्ये मार्तिस. बल्गेरियातले लोक त्या दिवशी एकमेकांना ‘चेस्तिता बाबा मार्ता’ म्हणतात. बाबा म्हणजे तिकडे आजी! ही मार्च-आजी घडीत हसते, घडीत रुसते, त्या महिन्याच्या हवेसारखी. पूर्वी घरातली म्हातारी बाईच लोकर पिळून हा दोरा करायची आणि पोरांना, सुनांना, कोकरांना, फळझाडांनासुद्धा बांधायची. ना पुरोहित, ना दक्षिणा, ना मुहूर्त. पहिला करकोचा, पाकोळी किंवा मोहरलेले झाड दिसले की दोरा काढायचा आणि झाडाच्या फांदीला बांधायचा.

आता यात राजा कसा घुसला ते पाहा. ६८१ साली बल्गेरियाचे राज्य उभारणाऱ्या खान अस्पारुहने पक्ष्याच्या पायाला पांढरा दोरा बांधून निरोप धाडला, पक्ष्याला बाण लागला, दोरा रक्ताने लाल झाला आणि तीच पहिली मार्तेनित्सा, अशी दंतकथा तिकडे लोकप्रिय आहे. मग अस्पारुहशी देणेघेणे नसलेल्या ग्रीक बाईने आपल्या लेकराचे उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून तोच दोरा का बांधावा? रोमानियात काहीजण हे मूळ दासियन पूर्वजांपर्यंत नेतात, तर काहीजण उत्खननात सापडलेल्या रंगवलेल्या खड्यांवरून थेट आठ हजार वर्षे मागे जातात. रंगवलेला खडा म्हणजे मर्त्सिशोर, हे ठरवले कोणी? बायकांच्या हातचे काम असले की त्याला बाप शोधून द्यायचा, हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. युनेस्कोच्या यादीत २०१७ मध्ये ही परंपरा बल्गेरिया, उत्तर मॅसेडोनिया, मोल्दोव्हा आणि रोमानिया या चार देशांच्या नावे एकत्र नोंदली गेली. आमच्या मते ती नोंद खानाच्या गोष्टीपेक्षा प्रामाणिक आहे.

चर्चलाही हा दोरा पुसता आला नाही. उलट १ मार्च हा संत एव्हदोकियाचा दिवस. तिच्याच नावावरून रोमानियन लोककथेतली बाबा दोकिया आली. ही म्हातारी ऊन पडले म्हणून अंगावरची मेंढीची कातडी एकेक करून फेकते आणि थंडी परतल्यावर गोठून मरते. संत बाजूला राहिली, लोकांनी म्हातारी लक्षात ठेवली.

पण भाबडेपणा नको. दोरा सगळ्यांना खुला होता म्हणजे समाज समतेचा होता, असे नाही. आजच्या रोमानियाचा भाग असलेल्या वलाखिया आणि मोल्दाविया या संस्थानांत रोमा माणसे शतकानुशतके गुलाम होती. मठांच्या, सरदारांच्या, राजाच्या मालकीची. रोमांची भाषा त्यांचे मूळ भारतात दाखवते. ती गुलामी १८५५-५६ मध्ये कायद्याने संपली. तोवर दरवर्षी वसंत येत होता, दोरे बांधले जात होते आणि माणसे विकली जात होती. लोकपरंपरा सुंदर असते, पण म्हणून ती मुक्ती देत नाही.

शिवाय हा दोरा म्हणजे गंडाच ना? मुळात तो वाईट नजरेपासून, आजारापासून राखण म्हणूनच बांधत. सिमिओन फ्लोरिया मारियान या रोमानियन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे की मुलांच्या गळ्यात किंवा हातात नाणे ओवलेला दोरा बांधत, मूल निरोगी राहावे म्हणून. आज तो बहुतेकांसाठी भेटवस्तू झाला आहे. भीती गेली, दोरा उरला.

आमच्याकडे उलटे दिसते. वस्तीतल्या एका बैठकीत आम्ही गंडेदोऱ्यांविरुद्ध तावातावाने बोलत होतो. एका आजीने आमच्या मनगटाकडे बोट केले. आदल्या दिवशीच विहारात परित्राणपाठ झाला होता, पांढरे सूत अजून हातात होते. ‘‘आन ह्ये काय हाय मंग?’’ आम्ही म्हणालो, हे मैत्रीचे प्रतीक आहे, याने काही टळत नाही. ‘‘मंग सोडत का न्हाईस?’’

समाजशास्त्राची पदवी त्या क्षणी कामाला आली नाही. आज आम्ही एवढे म्हणू शकतो की करकोचा दिसताच काढून फांदीला बांधता येतो तो दोरा वेगळा, आणि काढला तर लेकरू दगावेल अशी भीती घालून भगत पैसे घेऊन बांधतो तो वेगळा. विहारातले सूत यातले कोणते, हे विहारात बसूनच बोलावे लागेल. आजीच्या नातवाच्या गळ्यातला काळा दोरा मात्र पुढच्या भेटीतही तसाच होता. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. त्याचे राहिलेले लसीकरण कधी करायचे, तेवढे ठरवून आलो.